उपग्रह लांज्यावर आहे

काही माणसांना वस्तू कोणती याच्याशी कर्तव्य नसतं. ती लावायची कुठे, एवढंच त्यांना विचारायचं. पंखा कुठल्या तुळईला, कपड्यांची दोरी कुठल्या दोन माडांमध्ये, बोअरिंग परसात की अंगणात, मांडवात सनईवाले कुठल्या कोपऱ्यात बसवले म्हणजे मंगलाष्टकं ऐकू येतील. आमच्या रत्नागिरीत हे खातं आप्पांकडे आहे. कुणी नेमलं नाही. जागा रिकामी होती आणि ती आप्पांच्या नजरेला पडली. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली. तिथे नेमकं काय काम करायचात, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "खांब कुठे रोवायचा ते मी सांगायचो." खांब रोवणारे, तारा ओढणारे, बिलं पाठवणारे हे सगळे आप्पांच्या लेखी मागाहूनचे लोक.

त्यांची उमेदवारी झाली ती दूरदर्शनच्या काळात, कौलांवर. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं आणि वाडीतल्या घराघरावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे उभे राहिले. "येतंय का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं! हलू नका!" "हात सोडू?" "सोडू नका, गेलं!" हा संवाद तेव्हा देशभर चालू असणार, आमच्याकडे त्यातली वरची बाजू कायम आप्पांची. माणसाचा हात लागला की अँटेनाचा स्वभाव बदलतो, हे शास्त्र ते पुस्तकात नाही, कौलावर शिकले. सगळी वाडी पडवीत हात जोडून बसलेली आणि आप्पा वर हात पसरून उभे. सीताहरण त्यांनी पाहिलं नाही, लंकादहनही नाही. रावणवधाच्या रविवारी खालून कुणीतरी ओरडलं, "मेला, मेला!" तेव्हा आप्पांनी वरून घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "सिग्नल?"

पुढे केबल आली आणि ही विद्या निरुपयोगी झाली. भिंतीतून एक वायर बाहेर येते, ती टीव्हीला लावायची; त्यात माणसाने डोकं कुठे चालवायचं? ती पंधराएक वर्षं आप्पांनी देव्हारे, पंखे आणि पाण्याच्या टाक्यांवर काढली. तेवढ्यात वर्ल्डस्पेस आलं.

आज हे नाव सांगावं लागतं. उपग्रहावरून थेट रेडिओ. अदिस अबाबात जन्मलेल्या नोआ समारा नावाच्या गृहस्थांनी ही कंपनी काढली. आफ्रिकेसाठी 'आफ्रिस्टार' हा उपग्रह १९९८ साली गेला आणि आपल्यासाठी 'एशियास्टार' मार्च २००० मध्ये. वर्षाची वर्गणी भरायची आणि ऐकायचं : 'गंधर्व'वर हिंदुस्थानी शास्त्रीय, 'श्रुती'वर कर्नाटकी, 'फरिश्ता'वर जुनी हिंदी गाणी. जाहिरातीत साक्षात ए. आर. रहमान. मुंबईच्या मुलाने हौसेने सेट आणून दिला, आईला गाणी ऐकायला. आप्पांनी खोका उघडला, सेट काकूंच्या हवाली केला आणि त्याच्यासोबत आलेली चपटी, चौकोनी, तळहाताएवढी अँटेना उचलून ओटीवर उजेडात नेली. ती उलटसुलट करून पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी मुलीकडच्यांनी पत्रिका जुळली असं कळवल्यावर वरपित्याच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

ही अँटेना उपग्रहाकडे तोंड करूनच बसवावी लागते. एशियास्टार होता १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोबर वर, सिंगापूरच्या जरासा खाली म्हणा, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. रत्नागिरीतून पाहिलं तर पूर्वेपासून पंचवीसेक अंश आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर. आप्पांनी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, गवंड्याचा ओळंबा घेतला, होकायंत्र घेतलं, आणि खळ्यात खडूने एक रेघ मारली. ती गडगा ओलांडून, शेजाऱ्यांच्या गोठ्यावरून, नकाशावर पुढे पुढे नेली तर पहिलं मोठं नाव लागतं ते लांजा.

"उपग्रह लांज्यावर आहे," आप्पांनी जाहीर केलं.

ही बातमी दुपारपर्यंत मारुती मंदिरापर्यंत गेली. संध्याकाळच्या लांजा गाडीच्या कंडक्टरला कुणीतरी विचारलंसुद्धा की तुमच्या गावावर काय आलंय म्हणे. आप्पांना मनस्ताप झाला. "अरे, लांज्यावर म्हणजे लांज्याच्या डोक्यावर नव्हे, लांज्याच्या दिशेला. लांज्याला जाऊन बघितलास तर तो कोल्हापूरच्या खालच्या अंगाला सरकलेला दिसेल." "मग कोल्हापुरात?" "आणखी पुढे." प्रश्नकर्ता विचारात पडला. जिथे जावं तिथून पुढे गेलेला, असा पाहुणा त्याने फक्त वसुलीच्या वेळी पाहिला होता.

रेघ बरोबर होती. अडचण रेघेवरच्या आंब्याची होती. आप्पांच्या वडिलांनी लावलेलं हापूसचं कलम बरोबर त्या दिशेला, बरोबर त्या उंचीवर, गच्च पानांनी उभं. वर्ल्डस्पेसची लहर १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झची. ती काचेतून येते, कापडातून येते, पावसालाही फारशी जुमानत नाही; पण आंब्याच्या ओल्या पानांचा असा ढीग मध्ये आला की तिथेच मुरते. आणि रत्नागिरीत ज्या घरासमोर झाड नाही त्या घराला घर म्हणत नाहीत, बिल्डिंग म्हणतात. आप्पांनी दोन फांद्यांकडे नुसतं बोट दाखवलं. काकू कोयती घेऊन मागीलदारी गेल्या आणि ती लपवून परत आल्या. "उपग्रह दुसरा सोडतील. कलमाला फळ धरायला काय लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

झाड हलत नाही, घर हलत नाही. खळ्यात मारुती ऑम्नी उभी होती, ती हलते. आप्पांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम इथे सुरू झालं.

आता ही ऑम्नी म्हणजे एरवी काय होती? एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या वाहायची, उरलेलं वर्ष काकूंना लग्नामुंजींना न्यायची. तिच्या डॅशबोर्डवर उजवीकडे गणपती, डावीकडे चष्म्याचं घर. आप्पांनी अँटेनाला पहिली जागा मागितली ती गणपतीची, कारण समोरच्या काचेतून आकाशाचा सगळ्यात मोठा तुकडा तिथून दिसतो. काकू म्हणाल्या, "गणपती हलणार नाही. अपघात झाला तर वाचवायला कोण येणार, लांज्यावरचा?" मग अँटेना गणपतीच्या शेजारी बसली. खळ्यातून गाडी काढली, तोंड हातखंब्याकडे केलं आणि साळवी स्टॉप सोडला तसा डब्यातून तानपुरा सुरू झाला. हातखंब्याला महामार्गाला लागून पालीकडे वळलं की रस्ता जवळजवळ आप्पांच्या खडूच्या रेघेवरूनच जातो. गाणं अगदी समोर बसून ऐकावं तसं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. पालीला चहा घेऊन गाडी वळवली, तोंड पश्चिमेला झालं, उपग्रह मागे पडला, मध्ये गाडीचा पत्रा आला आणि सेट गप्प.

गप्प म्हणजे पूर्ण गप्प. आप्पांना हे फार लागलं. लघुलहरींवर सिलोन लावायचं तर खरखर असायची. खरखर वाढली की आपण लांब चाललोय, कमी झाली की जवळ आलोय. अंधारात कुणीतरी हूं हूं म्हणत वाट दाखवावी तसं. हा डिजिटल सेट म्हणजे एकतर पूर्ण गातो नाहीतर तोंड मिटतो. "निदान खाकरावं तरी माणसाने," आप्पा म्हणायचे.

डॅशबोर्ड सुटला, टपाचा विचार सुरू झाला. टपावर जागा भरपूर, वर उघडं आकाश, चहूबाजूंना मोकळं. पण अँटेना ठेवायची कशी? या प्रश्नावर आप्पा कित्येक रात्री झोपले नाहीत आणि ज्यांची झोप मोडली त्यांत आमचं घर पहिलं, कारण मध्ये फक्त गडगा. प्रश्न खरोखरच नाजूक आहे. अँटेना टपावर सपाट निजवली तर ती सरळ डोक्यावर बघते. उपग्रह डोक्यावर नाही, चाळीस अंश कललेला आहे. म्हणजे गाडी कुठेही वळली तरी थोडं थोडं मिळतं, पुरेसं कधीच नाही. उपग्रहाकडे तिरकी उभी केली तर भरपूर मिळतं, पण गाडीचं तोंड एकाच दिशेला असेपर्यंत. सगळ्या दिशांना थोडं की एका दिशेला पुष्कळ? अशा पेचात मोठमोठे तत्त्वज्ञ अडकले आहेत. आप्पांनी तो तत्त्वज्ञांवर सोडला नाही. त्यांनी मला बोलावलं.

माझं काम असं होतं : मागच्या सीटवर बसायचं, सरकत्या काचेतून हात बाहेर काढायचा, टपावर अँटेना धरायची आणि गाडी वळली की मनगट उलट वळवायचं. आप्पा गाडी चालवता चालवता नाविकाच्या आवाजात ओरडत. "डावीकडे वळतोय, तू उजवीकडे! लांजा धर! अरे, लांजा सोडलास!" नाचण्याच्या वळणांवर मी लांजा सोडायचो, कारण समोरून ट्रक यायचा आणि मला हात प्रिय होता. काकू पुढे बसून 'फरिश्ता' ऐकत. तलतची एक ओळ ऐकू यायची, पुढची गायब, तिसरी परत. पण काकूंना सगळी गाणी पाठ. सेट गप्प झाला की मधली ओळ त्या स्वतः म्हणत आणि सेट परत आला की बरोबर समेवर सापडत. त्या गाडीत गाणं ऐकत होत्या त्या एकट्याच. आप्पांना विचारलं, "कुणाचं होतं?" तर ते सांगत, "पाचपैकी चार दांड्या होत्या." सिग्नलच्या.

मनगटाचा प्रयोग पोलिसांनी थांबवला. फार काही झालं नाही. गाडीबाहेर हात कशाला, एवढंच त्यांनी विचारलं आणि आप्पांनी समोरच्या कट्ट्यावर बसवून त्यांना १०५ अंश रेखांश समजावून सांगितला. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतःच आम्हाला जायला सांगितलं.

त्यानंतर आप्पांनी एक त्याग केला. माळ्यावर त्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, ज्यावर त्यांनी तरुणपणी बिनाका गीतमाला ऐकली होती. निदान ती ऐकण्यासाठी एरियलची तार फणसाच्या कुठल्या फांदीवर टाकायची याचा अभ्यास केला होता. त्या रेडिओच्या लाउडस्पीकरचं चुंबक त्यांनी काढलं आणि अँटेनाच्या बुडाला चिकटवलं. आता ती टपावर घट्ट बसे. वायर दाराच्या रबरातून आत. टपाला भोक पाडून वायर आत घ्यायचा बेतही होता, पण कुवारबावच्या गॅरेजवाल्याने ड्रिल मशीन हातात घेऊन एकच प्रश्न केला, "आप्पा, जूनमध्ये काय करणार?" रत्नागिरीच्या पावसाला नखाएवढं भोक पुरतं आणि खाऱ्या हवेला तर तेवढंही लागत नाही. भोकाच्या कडेने गंज धरला की दोन वर्षांत टपाची चाळण. आप्पांनी ड्रिल परत ठेवायला लावलं. दुसऱ्याचा सल्ला मानलेला मी एवढा एकदाच पाहिला.

मग मोठे दौरे सुरू झाले. कोल्हापूरला कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालो. 'गंधर्व'वर बागेश्री चालला होता, आलाप नुकता मोकळा व्हायला लागला होता. घाट चढताना सह्याद्री पूर्वेला आडवा उभा राहतो, म्हणजे उपग्रहाच्या बरोबर पुढ्यात. विलंबित आम्ही साखरप्याला सोडला, तो थेट द्रुत आंब्याला सापडला. मधलं सगळं डोंगराने ऐकलं. काकूंनी हळहळून "काय गायले असतील हो," म्हटलं. आप्पा म्हणाले, "येताना बघू." येताना गाडीचं तोंड पश्चिमेला होतं हे त्यांच्या ध्यानात नव्हतं असं नाही, येतानासाठी त्यांनी पिशवीत दुसरं चुंबक ठेवलं होतं.

पण समाधान मिळालं ते सड्यावर. गावाबाहेर वर चढून गेलं की काळ्या कातळाचं उघडं पठार लागतं. झाड नाही, डोंगर नाही, घर नाही. नजर पोचेल तिथवर आभाळ. कुठेही लावा, पाचही दांड्या. आप्पा ऑम्नी घेऊन संध्याकाळी सड्यावर जाऊ लागले. गाडी उभी करायची, टपावर अँटेना सहा इंच इकडे, चार इंच तिकडे सरकवून पाहायची, वहीत नोंद करायची आणि अंधार पडला की सेट बंद करून परतायचं. पुढे त्याच रत्नागिरीच्या सड्यांवर लोक खाली मान घालून कातळशिल्पं शोधत फिरू लागले. हत्ती, मासे, माणसं, काय काय सापडलं; २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आप्पा त्याआधी त्याच कातळांवरून वर मान करून हिंडून आलेले. त्यांच्या ऑम्नीचं चाक कुठल्या हत्तीच्या सोंडेवर उभं होतं, कुणास ठाऊक. ही गोष्ट त्यांना सांगितली तर ते म्हणाले, "जागा उत्तमच आहे ती. त्या लोकांनाही कळलं असणार."

कीर्ती पसरली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याच्या रिक्षात एफएम खरखरायचा. आप्पांनी हुडाला बोट लावून पाहिलं : रेक्झिन. "इथे चुंबक बसणार कशाला? आणि बसलं तरी उपयोग नाही. दांडी नुसती उभी करून भागत नाही, तिच्या खाली लोखंडाचा पत्रा लागतो. गाडीच्या टपाचं काम ते. टप म्हणजे अर्धी अँटेना असते, काय समजलास?" हे अगदी खरं आहे. रिक्षाला टप नाही, म्हणून आप्पांनी घरातून भाकरीचा तवा आणला, हुडाच्या आडव्या नळीला तारेने बांधला, त्यावर चुंबकाची दांडी उभी केली. एफएम असा लागला की रिक्षावाल्याने कानाला हात लावला. इकडे काकू तव्यासाठी घर शोधत होत्या. तवा तेव्हा रेल्वे स्टेशनला भाडं घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी रिक्षावाला तो परत घेऊन आला. "काय वो आप्पा, आवाज एकदम झकास. पण पॅसिंजर बसायच्या आधी विचारतात, भाकरी कितीला?"

मिरकरवाड्याच्या बंदरावरही ते जाऊन आले. मच्छीमार नौकेच्या केबिनवर व्हीएचएफची लांब दांडी असते. तिला उंची हवी, कारण ती लहर सरळ जाते आणि पाण्याच्या गोलाईपलीकडे वळत नाही. जेवढी दांडी वर तेवढी दुसरी बोट लांबून ऐकू येते. आप्पांना दांडीची जागा पसंत नव्हती. तांडेल जाळं शिवत बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, "हलवा की. चढा वर." आप्पा चढले. नांगरलेली होडी भरतीबरोबर गोल फिरते हे त्यांना वर गेल्यावर दिसलं. लांजा मिनिटाला जागा बदलत होता. ते बराच वेळ केबिनच्या टपावर नुसते बसून राहिले, सुखाने. इतका अवघड प्रश्न त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. खाली आल्यावर त्यांनी वर्ल्डस्पेसचा विषय काढला. तांडेल म्हणाला, "आप्पा, गाणी किनाऱ्याला. आत गेल्यावर सोळा नंबर ऐकायचा नि वारा बघायचा." व्हीएचएफचा सोळा नंबर म्हणजे संकटाची हाक मारायचा. आप्पांनी मान डोलावली आणि निघताना दांडी बोटभर उजवीकडे सरकवली.

या सगळ्या काळात घरात गाणं कुठे वाजत होतं? तर स्वयंपाकघरात, फडताळावर ठेवलेल्या काकूंच्या ट्रान्झिस्टरवर. आकाशवाणी रत्नागिरी, ११४३ किलोहर्ट्झ. त्याला बाहेरून काही लावावं लागत नाही. मध्यमलहरींची अँटेना म्हणजे आत एक काळी कांडी असते, तारेने गुंडाळलेली. आप्पांनी तीही शोधून काढली. कांडीच्या टोकाकडून केंद्र आलं तर आवाज पडतो, बाजूने आलं तर चढतो. तेव्हा ट्रान्झिस्टर फडताळावर सरळ नाही, तिरका ठेवला पाहिजे. ते बरोबर आहे. त्यांनी तो तिरका ठेवला. काकूंनी सरळ केला. हा खेळ रोज सकाळी मंगल प्रभातच्या वेळी होई, आणि काकूंच्या मते चहा चांगला उकळायला तेवढाच वेळ लागतो.

२००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत वर्ल्डस्पेसने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली. आप्पांनी ती वाचून घडी घालून ठेवली. त्यात अँटेनाविषयी काही नव्हतं. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा संपली. दुसऱ्या दिवशी सेट मुका. आप्पांनी अँटेना चार इंच पुढे घेतली. मग मागे. मग कॅरिअरवर, मग सड्यावर. मी म्हटलं, "आप्पा, कंपनी बंद झाली." ते म्हणाले, "कंपनी बंद झाली हे मी वाचलंय. उपग्रह खाली पडलाय का?" पडला नव्हता. तेव्हा त्यांच्या दृष्टीने प्रश्न अजून जागेचाच होता. संक्रांतीपर्यंत त्यांनी नोंदी ठेवल्या. वहीत एका बाजूला जागा आणि दुसऱ्या बाजूला शून्य, अशी पानंच्या पानं आहेत. त्या वहीइतका शिस्तबद्ध अभ्यास मी फार थोड्या पीएच.डी.च्या प्रबंधांत पाहिला आहे.

पुढे धाकट्या मुलाकडे न्यू जर्सीला गेले. तिथे गाड्यांमध्ये उपग्रहाचा रेडिओ सर्रास. एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्या २००८ साली एक झालेल्या. मुलाच्या जुन्या गाडीवर चुंबकाची, सुपारीच्या डबीएवढी अँटेना होती. तिच्यासोबत आलेला कागद मुलाने कधी उघडला नव्हता. आप्पांनी तो उघडला आणि रात्री दिव्याखाली वाचला. टपाच्या मध्यावर, काठापासून आत, कॅरिअरच्या दांड्यांपासून दूर, खाली लोखंड असेल तिथे. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं म्हणणं छापलेलं होतं! त्यांनी तो कागद अजून जपून ठेवलाय, गीतेच्या पोथीत. पण सकाळी सगळा आनंद मावळला. अँटेना टपाच्या कडेला लावली, गाणं चालू. डिकीवर लावली, चालू. आत काचेपाशी ठेवली, तरी चालू. शहरांमधून जमिनीवरही मनोरे उभारून तोच कार्यक्रम पुन्हा सोडतात, वर एकाहून अधिक उपग्रह. तेव्हा एक चुकला तर दुसरा पकडतो. मुलगा म्हणाला, "आप्पा, कुठेही लावा, चालतं." सहा महिन्यांच्या मुक्कामात आप्पांना तो देश आवडला नाही म्हणतात त्याचं हे कारण. काकूंना वाटतं थंडीमुळे.

ऑम्नी आता नाही. गेल्या मे महिन्यात पुण्याचे जावई नवी गाडी घेऊन आले. टपावर, मागच्या कडेला, मुशीच्या परासारखी दिसणारी काळी अँटेना. गाडी खळ्यात उभी राहते न राहते तोच आप्पा टपापाशी. जावयांचं स्वागत, पाय धुणं, कोकम सरबत हे सगळं काकूंनी उरकलं तोवर आप्पांनी पराच्या खालून पोस्टकार्ड सरकवून पाहिलं होतं. ते एका बाजूने आत गेलं आणि बरंच आत गेलं. मग त्यांनी गाडीचं आतलं छत चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं. "वायर नाही रे."

जावयांना जेवताना विचारलं. ते हसले. "ते शोचं आहे, आप्पा. ऑनलाइन मिळतं, दुतर्फी टेपने चिकटवायचं. खरी एफएमची अँटेना मागच्या काचेतच असते, त्या बारीक रेषांमध्ये." दुसरा कुणी असता तर आप्पांनी ताटावरून उठून जाब विचारला असता. पण जावई, आणि समोर वाटीत आमरस. आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. नंतर सगळे आडवे झाले. मी ओटीवर डुलकी काढत होतो तर खांद्याला हात लागला. आप्पांच्या एका हातात ओळंबा, दुसऱ्यात तंगूस. माशांना गळ टाकायची ती नायलॉनची दोरी. ती पराखालून ओढली की टेप लोण्यासारखी कापते, हे मला त्या दिवशी कळलं. मला टपाची मापं धरायला लावली. लांबीचा मध्य, रुंदीचा मध्य, दोघांची फुली, फुलीवर नवी टेप, टेपवर पर. तोंड पुढे. मग थोडा विचार करून, जरासं आग्नेयेला.

चारच्या चहाला जावई बाहेर आले आणि गाडीकडे पाहून थबकले. "अहो आप्पा, हे इथे कसं आलं?"

"तिथे मागच्या कडेला निम्मा सिग्नल वाया जात होता, जावईबापू," आप्पा म्हणाले.